राखग्रस्त

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी केशोराव शेठच्या राईस मिलमध्ये नोकरीला लागले, तेव्हा मिलच्या प्रयोगशाळेत एक टेबल, धानाचा ओलावा मोजायचं यंत्र, एक काटा, एक भिंग आणि कामगारांचे जेवणाचे डबे एवढं साहित्य होतं. डब्यांना जागा कमी पडली की ओलावा मोजायचं यंत्र जमिनीवर जायचं.

मिल उसना तांदळाची. म्हणजे धान आधी गरम पाण्याच्या हौदात भिजवायचं, मग त्याला वाफ द्यायची, वाळवायचं आणि शेवटी भरडायचं. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरमध्ये जाळायला धानाचाच भुसा. काही वाया जात नाही, असं शेठ आलेल्या प्रत्येकाला सांगत. ते खरंही होतं. फक्त धुराड्यातून उडणारी काळी राख मिलची राहत नसे, ती गावाची होत असे.

इटियाडोहच्या कालव्यामुळे आमच्याकडे उन्हाळी धान निघतं, म्हणून मिल मे महिन्यातही चालते. तेव्हा वारा पश्चिमेचा असतो. मिलच्या पूर्वेला आमची बौद्ध वस्ती आहे. पुढचं समजायला पदवी लागत नाही.

२०१२ च्या सुरुवातीला शहरात पाकीटबंद तांदूळ विकणाऱ्या एका कंपनीनं शेठना कळवलं की, तुमचा तांदूळ आम्ही घेऊ, पण आमच्या पाकिटावर ‘गावाची काळजी घेणारी मिल’ असं छापायचं आहे. तुम्ही काय काळजी घेता ते बघायला आमच्या बाई येतील.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते गोंदियात राहतात, त्यामुळे त्यांचं बोलणं निम्मं हिंदी.

“बेटा, ये सामाजिक जबाबदारी म्हणजे नेमकं काय असतं?”

“आपल्यामुळे गावाला जो त्रास होतो तो थांबवणं,” मी म्हणाले. “धुराड्यातली राख पकडणारं यंत्र मिळतं. डस्ट कलेक्टर. ते बसवायचं.”

“कितनेका?”

मी अंदाजे किंमत सांगितली. शेठनी पंख्याचा वेग वाढवला.

“दुसरी कोणती जबाबदारी नाही का? थोडी लहान?”

शेठनी डोळे मिटले आणि दोन मिनिटांनी उघडले.

“राख पडते, कपडे काळे होतात. बरोबर? तर आपण साबण देऊ.”

पुढच्याच आठवड्यात मिलच्या फाटकावर फ्लेक्स लागला. हात जोडलेले शेठ, बाजूला निळ्या साबणाच्या वडीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘राखग्रस्तांना मोफत साबण वाटप’. पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्त आम्हाला माहीत होते. राखग्रस्त आम्ही पहिलेच.

प्रश्न आला की कोणत्या घराला किती साबण. शेठ म्हणाले, “तुम्ही सायन्सवाले, तुम्ही ठरवा.” मी गावातल्या घराघराच्या छपरावर एक-एक पांढरी ताटली ठेवली, रोज त्यात पडलेली राख गोळा करून काट्यावर तोलली, आणि त्या प्रमाणात साबण ठरवला. जास्त राख, जास्त साबण. मला ही पद्धत अतिशय न्याय्य वाटली होती.

गावाला ती वेगळ्याच कारणानं आवडली. ज्यांच्याकडे कमी राख पडायची ते अस्वस्थ झाले. मिलच्या पश्चिमेला गोंडांची वस्ती, गोंड टोला आहे. तिथं राख पडतच नाही, म्हणून तिथं साबणही नाही. पण तिथल्या चमेलीबाईच्या ताटलीत एके दिवशी साऱ्या गावात सर्वांत जास्त राख निघाली. वाऱ्याच्या उलट दिशेनं उडणारी राख मी पहिल्यांदाच बघत होते. भिंगाखाली धरली, तर करडी आणि मऊ. भुशाची राख काळी असते, आणि तिच्यात धानाच्या टरफलाचा आकार तसाच्या तसा दिसतो.

“चमेलीबाई, ही तुमच्या चुलीची राख आहे.”

“मंग? राख तर राखच आहे ना वो?”

“मिलची नाही ना.”

“माझा नवरा मिलचा आहे,” चमेलीबाई म्हणाल्या. त्यांचा नवरा पतिराम, मिलच्या बॉयलरवर भुसा टाकतो. “तोच राख उडवते अन् त्याच्याच घरी साबण नाही. हा कोनता न्याय होय?”

मी त्यांना माझ्या घरची एक वडी दिली.

आमच्या घरी साबण भरपूर होता, कारण आमचं घर यादीत पहिलं. पण माझी आई, सुमनबाई, त्या वड्यांकडे रागानं बघायची. मे महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीचं, रंजिताचं लग्न ठरलं होतं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, वऱ्हाड पांढऱ्या कपड्यांत, मंडपातल्या चादरी पांढऱ्या. रंजितानं साडी स्वतः निवडली होती, नागपूरच्या चार दुकानांत दुकानदारांना रडवून. ती पलंगावर पसरून आई म्हणाली, “इच्यावर एक ठिपका पडला तरी दिसते. अन् मांडवात का एकच ठिपका पडन?”

“साबण आहे ना,” रंजिता म्हणाली. “फेरे नाही आपल्यात, तेवढ्या वेळात धुऊन वाळत घालीन.”

“हसून राहिली! वरमाय काय म्हनन?”

मी शेठकडे गेले. एक दिवस बॉयलर बंद ठेवाल का, असं विचारलं.

“बंद? सीझनमध्ये? बेटा, एक काम करा. नवरीला लाल शालू नेसवा. छान दिसतो. काळं पडलं तरी डिझाइन वाटेल.”

हे मी घरी सांगितलं नाही. त्याऐवजी बॉयलरचा अभ्यास केला. भुसा टाकताना आणि आतली जाळी हलवताना राख जास्त उडते. पण दुपारी वाफ दिलेलं धान काढून नवं भरेपर्यंत आग मंद असते, तेव्हा धुराड्यातून जवळजवळ काही येत नाही. ही अर्ध्या तासाची फट रोज ठरल्या वेळी पडते. मला वाटलं, प्रश्न सुटला. जेवताना मी बाबांना सांगितलं.

माझे बाबा, देवीदास, बोलण्याआधी घास पूर्ण चावतात.

“म्हनजे त्या ठरल्या घडीलेच लगन लावायचं?”

“हो बाबा.”

“त्याच्या आधी नाही, मंग नाही?”

“नाही.”

“यालेच मुहूर्त म्हनतेत, पोरी.”

“मुहूर्त नाही बाबा! बॉयलर आहे.”

“पंचांगवाल्याचा ग्रह, तुह्या शेठचा बॉयलर. दोन्ही वरतीच असते अन् दोन्हीले विचारल्याशिवाय आपलं लगन नाही. फरक सांग.”

मी विचार केला. फरक होता, पण तो सांगायला लागले की बाबांचीच बाजू बळकट होत होती. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्यानंतर आमच्या घरात वेळ बघून काही केलं गेलं नाही. आईबाबांचं लग्न तर आजोबांनी शोधून शोधून अमावस्येला लावलं.

“वस्तीतले लोक काय म्हनतीन?” बाबा म्हणाले. “देवीदास, पंचांग कोनतं काढलं? राईस मिलचं? माह्या पोरीचं लगन घडी पाहून लागनार नाही. विषय संपला.”

“मंग पोरगी काळी साडी नेसन का?” आई कडाडली.

“साडीही पांढरीच राहीन.”

“कशी?”

बाबांनी पुढचा घास घेतला.

पत्रिका छापून आल्या. तारीख होती, विहाराचा पत्ता होता, सर्वांची नावं होती. वेळ नव्हती. चुकून राहिली असेल म्हणून मी प्रेसवाल्याला फोन करणार होते, पण बाबा म्हणाले, “राहू दे.” आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्याबरोबर मिलमध्ये आले.

त्यांनी एकाही माणसाला सोडलं नाही. हमाल, वाळवणावरच्या बाया, ट्रकवाले, हिशेबनीस, सगळ्यांच्या हातात पत्रिका ठेवली. पतिरामला दोन्ही हातांनी दिली.

“सहकुटुंब या जी.”

पतिरामनं उलटसुलट करून बघितली. “देवीदासजी, लगन कितीले आहे?”

“आमाले वेळ नसते. सकाळून येऊन बसा. केव्हाही लागन.”

“अन् मी बॉयलरवर राहिलो अन् तिकडं लागून गेलं तर?”

“तर मले वाईट वाटन,” बाबा म्हणाले.

आमच्याकडे गावातल्या लग्नाला बोलावलेला माणूस जेवायला नुसता टेकून परत जात नाही. लग्न लागताना हजर नसलेल्याला पुढं वर्षभर ऐकवलं जातं. पतिराम हे जाणत होता. बाकीचेही जाणत होते.

शेठनी आपली पत्रिका वाचली आणि चष्मा पुसला. “देवीदासजी, टाइम?”

“तुमच्या सोयीनं या जी.”

“नाही, पण माझे लोक परत केव्हा येतील?”

“लगन लागल्यावर.”

“वो कब लगेगा?”

“आमी मुहूर्त नाही पाहत शेठजी. तुमाले तर माहीत आहे.”

घरी परतताना मी विचारलं, “बाबा, तुम्ही मुद्दाम केलं का?”

“मी फक्त मुहूर्त काढला नाही,” बाबा म्हणाले.

शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी हिशेब केला की लग्न म्हणजे दुपारच्या आत आटोपणारच. आदल्या संध्याकाळी त्यांनी हौद धानानं भरून घेतला. भिजलेल्या धानाला वेळेत वाफ मिळाली नाही तर ते आंबतं आणि तांदळाला वास लागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्याच दिवशी दुपारी कंपनीच्या बाई येणार होत्या, आणि त्यांना मिल जोरात चालू दाखवायची होती.

लग्नाच्या सकाळी मिलचं धुराडं नुसतं उभं होतं. मे महिन्यात आम्ही आकाश इतकं स्वच्छ कधी बघितलं नव्हतं. आईला तरी भरवसा नव्हता. ती पाहुण्यांशी बोलायची, पण वर बघून. पाहुणेही वर बघायचे, आणि काही दिसलं नाही की चहा मागायचे.

विहारासमोरच्या मंडपात अख्खी मिल येऊन बसली होती. पतिराम पहिल्या रांगेत, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. दहाच्या सुमाराला शेठ आले, तेही पांढऱ्या सफारीत.

“देवीदासजी, तयारी झाली?”

“बसा ना जी. शरबत घ्या.”

शेठनी शरबत घेतलं. मग पन्हं घेतलं. मग चहा घेतला. नवरदेवाचं नाव खुशाल. तो लाखनीहून यायचा होता आणि त्याचा पत्ता नव्हता. बाबांनी फोन केला, तेव्हा तिकडचे लोक म्हणाले, “निघून राहिलो जी, पत्रिकेत वेळच नव्हती, म्हनून आमीही घाई नाही केली.” हे बाबांच्या योजनेत बसलं नव्हतं. त्यांनी तोंडावर ते दिसू दिलं नाही. आईनं दिसू दिलं.

दुपारी कंपनीच्या बाई आल्या. भाग्यश्री मॅडम. मिलला कुलूप, म्हणून चौकीदारानं त्यांना सरळ मंडपात पाठवलं. शेठ धावत गेले.

“या या मॅडम! आमच्याकडे कामगारांच्या गावात लग्न असलं की मिल बंद. पुरानी परंपरा है.”

“कवापासून जी?” पतिरामनं कुतूहलानं विचारलं.

शेठनी त्याला पन्हं पाजायला सांगितलं.

मॅडमना ही परंपरा फार आवडली. त्यांनी ती लिहून घेतली आणि मंडप बघत फिरू लागल्या. स्वयंपाकाच्या बाजूला ऊन येत होतं, म्हणून आईनं तिथं आडोसा म्हणून मिलचाच एक जुना फ्लेक्स बांधला होता. फुकटचा, मजबूत. मॅडम त्याच्यासमोर थांबल्या.

“राखग्रस्त म्हणजे?”

शेठनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझी नोकरी होती. मला प्रश्नाचं उत्तर माहीत होतं आणि ते सोपं होतं.

“ज्यांच्या घरावर मिलची राख पडते ते,” मी म्हणाले. “आम्ही.”

“आणि त्यांना साबण देतात?”

“हो.”

“मग राखच का थांबवत नाही?”

“साबण स्वस्त पडतो.”

“मॅडम, ते हळूहळू...” शेठ म्हणाले, पण तेवढ्यात चमेलीबाई पुढं आल्या.

“थांबवू नका वो बाई! आमचा टोला राहिला आहे. एवढ्या दिवसापासून राखग्रस्त व्हायचं म्हनून राहिलो, ही पोरगी होऊ देत नाही. आधी आमाले करा, मंग थांबवा.”

मॅडमची लेखणी हवेत राहिली. या अडचणीसाठी त्यांच्या कागदावर रकाना नसावा.

तेवढ्यात बँडचा आवाज आला. खुशालची गाडी पोचली. आईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि शेठनी तिच्यापेक्षा मोठा. हौद भरून किती वेळ झाला याचा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता. पाहुण्यांचे पाय धुऊन होतात न होतात तोच त्यांनी बाबांचा हात धरला.

“देवीदासजी, आता लावा. माझा हौद भरलेला आहे. धान सडून राहिलं.”

बाबा शांत उभे राहिले. “लावू ना जी. राख केव्हा थांबन?”

“लवकरच.”

“लवकर म्हनजे?”

“आता अशी नक्की वेळ कशी सांगू...”

“मीही तेच म्हनतो,” बाबा म्हणाले. “वेळ सांगता येत नाही.”

मंडपात कुणी हसलं. पतिराम मांडी बदलून आणखी नीट बसला. वऱ्हाडी एकमेकांना विचारू लागले की काय चाललं आहे. खुशाल हार हातात घेऊन उभा होता, आणि त्याचे हात भरून आल्याचं स्पष्ट दिसत होतं.

आतून रंजिता आली. तिची साडी इतकी पांढरी होती की उन्हात डोळे बारीक करावे लागले.

“बाबा, हे माझं लगन होय का संप?”

“दोन मिनटं, बेटा. शेठजी तारीख देऊन राहिले.”

“तुमी दोघं तारखा घेत बसा. मी लगन करून घेतो.” ती सरळ तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर जाऊन उभी राहिली आणि बौद्धाचार्यांना म्हणाली, “गुरुजी, सुरू करा.”

त्रिशरण सुरू झालं. सगळे उठले. बाबांनाही हात जोडावे लागले आणि शेठनाही. दोघं शेजारी शेजारी उभे होते, एक हरल्यासारखा आणि एक वाचल्यासारखा. फुलं उडाली, हार पडले, लग्न लागलं. रंजितानं आधी साडीच्या खांद्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“चला रे,” शेठ कामगारांना म्हणाले. “लागलं.”

“जेवन?” पतिरामनं विचारलं.

याला नाही म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मायचा आहे. पंगती बसल्या. दुसरी पंगत उठत असताना वारा जरा वाढला आणि मिलकडून वास आला. आंबट, उबट, जड. पाहुण्यांनी पांढरे रुमाल नाकाला लावले. खुशालच्या मामांनी वरणाचा वास घेऊन बघितला. आई चिडली, “माह्या वरनाले काही झालं नाही! तो वास शेठचा आहे.”

शेठ ताटावरून उठले. पतिराम हात धुऊन त्यांच्यासमोर आला.

“पेटवू का जी?”

त्यानं हळूच विचारलं होतं, पण साऱ्या मंडपाला ऐकू गेलं. आता पेटवला तर हौदातलं बरंचसं धान वाचलं असतं. आता पेटवला तर राख नेमकी नवरा-नवरीच्या ताटांवर आली असती. मॅडमनी मला विचारलं, “बॉयलर सुरू केला तर इथे काय होईल?” मला उत्तर द्यावं लागलं नाही. वस्तीतली सगळी माणसं एकाच वेळी वर बघत होती.

शेठनी धुराड्याकडे बघितलं. रंजिताकडे बघितलं. ती खुशालला घास भरवत होती, आणि पदर गुडघ्यावर नीट घडी करून ठेवला होता.

“पाठवणी होऊ दे,” शेठ म्हणाले. “मग पेटव.”

पतिरामनं मान हलवली आणि जाऊन आणखी एक जिलेबी घेतली.

“सर, तारीख राहिली,” मॅडम म्हणाल्या. “राख थांबवायची.”

शेठ त्या वासात उभे होते. “दिवाळीच्या आत,” ते म्हणाले.

“कोणत्या दिवाळीच्या?”

“याच.”

मॅडमनी लिहून घेतलं. बाबांनी त्यांच्या खांद्यावरून नीट लिहिलं आहे का ते वाचलं आणि स्वतः शेठना पान लावून दिलं.

आमच्याकडची पाठवणी लवकर आटोपत नाही. रंजिता आईच्या गळ्यात पडली, मग काकूच्या, मग सगळ्या शेजारणींच्या. चमेलीबाईंनी तर तिला दोनदा जवळ घेतलं. प्रत्येक गळाभेटीबरोबर मिलकडचा वास गडद होत होता. गाडीचं दार उघडून खुशाल वाट बघत होता. गाडीजवळ शेठ उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालक आणि गाव यांचं हे नातं बघून मॅडमनी पुन्हा कागद काढला.

आईचंही मन भरून आलं. आजवर तिनं शेठबद्दल एक शब्द चांगला काढला नव्हता. ती त्यांच्याजवळ गेली.

“शेठजी, इतकं नका रडू जी. पोरगी चांगल्या घरी जाऊन राहिली.”

“हो ना हो,” शेठ रुमालानं डोळे टिपत म्हणाले. “जाऊ द्या ना तिला.”

रंजिता गाडीत बसली. साडीवर एकही काळा ठिपका नव्हता. तिकडं पतिराम मिलच्या फाटकात फावडं घेऊन तयार उभा होता. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. रंजितानं काच खाली केली, आणि आईला पुन्हा एकदा हाक मारली.